रोजचं पान, रोजची वही

शंकेखोर : रोज सकाळी ७८ पानांतून एक पान ओढायचं, त्यावर वहीत चार ओळी लिहायच्या आणि याला टॅरो शिकणं म्हणायचं, असं तुझं चाललंय. आधी गणित करू, बाकीचं नंतर. ओढलेलं पान परत जोडात जातं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी पानं पिसली जातात. या पद्धतीने प्रत्येक पान एकदा तरी हाती यायला सरासरी ३८५ दिवस लागतात. पहिले ७८ दिवस उलटले तरी साधारण २८ पानांचं तोंडही पाहिलेलं नसेल. उलट अवघ्या ११ दिवसांत एखादं पान दुसऱ्यांदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, आणि महिनाभरात तर ते टळणं जवळपास अशक्यच. पण तसं पान पुन्हा आलं की माणूस दचकतो. ‘हे माझ्या मागेच लागलंय, याला मला काहीतरी सांगायचंय’, असं म्हणतो. त्या पानाला काहीही सांगायचं नसतं. ७८ पानांच्या जोडात असंच होणार, हे कागद-पेन्सिलीवर आधीच सिद्ध करता येतं. शिकायचंच असेल तर पुस्तक उघड, रोज चार पानांचे अर्थ पाठ कर, वीस दिवसांत विषय संपेल.

शिकणारी : सर, अर्थ पाठ करणं म्हणजेच टॅरो शिकणं असतं, तर तुमचा हिशेब बिनतोड होता. ‘फोर ऑफ कप्स’ हे पान घ्या. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसलाय. समोर तीन पेले आहेत, आणि ढगातून आलेला एक हात चौथा पेला त्याच्यापुढे धरतोय. त्याचं तिकडे लक्ष नाही. पुस्तकात या पानाचा अर्थ दिलाय : कंटाळा, उदासीनता. हे दोन शब्द पाठ करायला दोन सेकंद पुरतात. पण ते पान सकाळी हातात आलं की दिवसभर एकच प्रश्न सोबत राहतो : माझ्यापुढे काय धरलंय, ज्याकडे मी पाहत नाहीये? नाशकातल्या अंबडच्या कारखान्यात मला नव्या विभागाचं काम देऊ केलं होतं आणि नीट ऐकूनही न घेता मी नाही म्हटलं होतं. तो नकार मी विचार करून दिला होता की सवयीने, हे त्या दिवशी वहीत लिहावं लागलं. काम मी तरीही घेतलं नाही. पण नकाराचं कारण मला कळलं. हे वीस दिवसांच्या पाठांतराने झालं नसतं. ३८५ दिवस लागतात, हे तुम्ही दोष म्हणून सांगितलंत. मला ती या पद्धतीची चालच वाटते. आणि पान पुन्हा आलं तर मी आधीची नोंद काढून वाचते. तेच चित्र, पण मी वेगळं काय लिहिलं? पान पुन्हा का आलं, हा माझा प्रश्नच नाही.

शंकेखोर : तुझा नसेल, पण या पानांभोवती जो बाजार आहे, तो सगळा त्याच प्रश्नावर उभा आहे. आणि त्या बाजाराचं भांडवल म्हणजे ‘प्राचीन विद्या’ ही जाहिरात. खरी हकिकत अशी, की ही पानं पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी बनली. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांनी सोन्याचा वर्ख दिलेले जोड रंगवून घेतले होते, त्यातली काही पानं अजून संग्रहालयांत आहेत. हुकूम असलेला, हात करायचा खेळ. तीनेकशे वर्षं लोक ती पानं मुख्यतः खेळत होते. मग १७८१ मध्ये पॅरिसच्या आंत्वान कूर द जेबलँ या विद्वानाने लिहून टाकलं, की हा इजिप्तच्या पुरोहितांचा गुप्त ग्रंथ आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शांपोल्योंने ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे जो ग्रंथ वाचताच येत नव्हता, त्याचा सारांश या गृहस्थांनी चाळीस वर्षं आधी दिला! पाठोपाठ एतेला नावाच्या माणसाने खास भविष्यासाठी जोड छापून विकायला सुरुवात केली. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकल डमेट यांनी १९८० मध्ये या खेळाचा जाडजूड इतिहास लिहून ही सगळी भानगड उघडी केली. आपल्याकडे सावंतवाडीची गंजिफा आहे. गोल पानं, दशावतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पानं, एकूण १२०. दिवसा डाव मांडला तर रामाच्या रंगाला मान, रात्री कृष्णाच्या. त्या पानांवर साक्षात देव रंगवलेले आहेत. तरी ती ओळखली जातात खेळ म्हणून आणि चिताऱ्यांची कला म्हणून. मत्स्यावताराला कोणी नोकरीविषयी विचारायला जात नाही.

शिकणारी : हा सगळा इतिहास मला मान्य आहे, आणि तो कळल्यावर मला उलट हायसं वाटलं. पुरोहितांचा ग्रंथ असता तर त्याच्यापुढे मान तुकवावी लागली असती. ही माणसाने काढलेली चित्रं आहेत, तेव्हा त्यांच्याशी वाद घालता येतो. गंजिफाचं उदाहरण तुम्हीच काढलंत, तर त्यातच माझं उत्तर आहे. गंजिफाच्या प्रत्येक रंगात राजा आणि प्रधान सोडले तर बाकीची दहा पानं म्हणजे चिन्हांची मोजदाद : एक मासा, दोन मासे, असं दहापर्यंत. टॅरोच्या बहुतेक जुन्या जोडांतही छोट्या पानांवर नुसते पेले आणि तलवारी मोजून काढलेल्या असायच्या. आठ मासे पाहून मी वहीत काय लिहिणार? १९०९ मध्ये लंडनमध्ये आर्थर एडवर्ड वेट यांच्या सांगण्यावरून पामेला कोलमन स्मिथ हिने जो जोड काढला, त्यात सगळ्याच्या सगळ्या ७८ पानांवर प्रसंग आहेत. ती नाटकवाल्यांत वावरलेली बाई होती. एलन टेरी आणि हेन्री आयर्विंग यांच्या लायसियम नाटक मंडळीत तिची ऊठबस होती. म्हणून तिची पानं पाहताना वाटतं, पडदा उघडलाय, पात्रं उभी आहेत आणि संवाद अजून कोणी म्हटलेला नाही. ‘एट ऑफ कप्स’मध्ये रचून ठेवलेले आठ पेले मागे टाकून एक माणूस रात्री काठी टेकत निघून चाललाय. कुठे आणि का, ते चित्रात नाही. ते मला लिहावं लागतं. या कामाचे तिला फारसे पैसे मिळाले नाहीत आणि १९५१ मध्ये ती जवळपास विस्मृतीत वारली. मी शिकते ती तिची चित्रं. इजिप्तशी माझा काही संबंध नाही.

शंकेखोर : मग ते चित्र तुला ओळखतं, असं वाटतं ते कशामुळे? वाटतं ना? सगळ्यांनाच वाटतं, आणि त्याचंही उत्तर जुनंच आहे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझ्या स्वभावाचं वर्णन’ म्हणून एकेक कागद दिला. वर्णन किती जुळतं, याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. मग त्याने सांगितलं, की सगळ्यांच्या हातात एकच मजकूर आहे, आणि तोही रस्त्यावरच्या दुकानातून घेतलेल्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. आता आपल्या महाराष्ट्रातलं घे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २०० मुलांच्या कुंडल्यांवर फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर मुलं हुशार म्हणून नावाजलेली, शंभर मतिमंद. कुंडली कुठल्या मुलाची, एवढंच ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्यांवर निवाडा दिला. बरोबर आले ४६ टक्के. छापा-काटा केला असता तर पन्नासच्या आसपास आले असते. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्या ज्योतिषांबद्दल मला एका गोष्टीचा आदर आहे : त्यांनी तपासता येईल असं काहीतरी म्हटलं आणि ते तपासू दिलं. तुझं पान तर काहीच म्हणत नाही. जे काही म्हणतच नाही, ते चुकणार कधी? आणि जे कधीच चुकू शकत नाही, त्याच्याकडून शिकणार काय?

शिकणारी : नारळीकरांच्या चाचणीत ज्योतिषांचा दावा तपासला गेला आणि तो पडला. ‘हे पान उद्याचं सांगतं’ असा दावा मी केला, तर तीच चाचणी मलाही लावा. मी तो करत नाही. फोररचं मात्र मी मनावर घेतलंय, कारण तो सापळा माझ्या वहीतही आहे. फरक इतकाच, की तिथे दुसऱ्याने लिहिलेलं वर्णन मुलांनी मान्य केलं, आणि इथे वाक्य मलाच लिहावं लागतं. तरीही ‘अगदी माझंच पान’ असं वाटण्याचा मोह होतोच. म्हणून सकाळच्या नोंदीत एक ओळ सक्तीची असते : या चित्रातलं माझ्या आजच्या दिवसाला काय लागू होत नाही? आणि रात्री आणखी एक ओळ : सकाळी जे लिहिलं, त्यातलं काय फोल निघालं? पान चुकत नाही, हे खरं. पण त्यावर मी लिहिलेलं वाक्य चुकतं, आणि ते माझ्या अक्षरात, तारखेसकट समोर असतं. या वहीत चुका करणारी मी आहे, त्यामुळे शिकणारीही मीच. एरवी आपली मतं कुठे लिहिलेली असतात, की ती चुकली ते कळावं?

शंकेखोर : हे चोख आहे. पण तू एकटी चोख राहून भागत नाही, कारण तू राहतेस नाशकात. त्र्यंबकेश्वरला कालसर्प आणि नारायण नागबळीसाठी देशभरातून माणसं येतात, आणि त्यातली कितीतरी कोणाच्या तरी एका वाक्याने घाबरून आलेली असतात. ‘तुमच्या पत्रिकेत दोष आहे’, बस, एवढंच ते वाक्य. जत्रेत पिंजऱ्यातला पोपट चोचीने चिठ्ठी काढतो, त्याच्यापुढे बसलेल्या बाईच्या चेहऱ्याकडे कधी नीट पाहिलंयस? घरात एक आजारी माणूस आहे आणि डॉक्टर काही नीट सांगत नाहीत, म्हणून ती तिथे बसलेली असते. तुझी पानं गुळगुळीत कागदावर छापलेली, इंग्रजी नावांची, कॉलेज रोडवरच्या कॅफेत शोभणारी. त्यामुळे ती घेताना शिकलेल्या माणसाला आपण पोपटापुढे बसलोय, असं वाटत नाही. हीच त्यातली गोम आहे. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यातही जोशी-ज्योतिषांचा सल्ला सोडून दिलेला आहे. कायदा अघोरी प्रकारांना आळा घालेल, पण घाबरलेल्या मनाला आवर घालणार नाही. आज घरी गंमत म्हणून पान ओढणारी उद्या मोठ्या निर्णयाच्या वेळी पैसे मोजून दुसरीकडे जाते, आणि तिथे पान काय म्हणतं ते दुसरंच कोणीतरी ठरवतं.

शिकणारी : नाशकात राहते म्हणूनच तर मला हा प्रश्न टाळता येत नाही, सर. इथे गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ भरतो. २०१५ मध्ये भरला, आता २०२७ मध्ये शाही स्नानं आहेत. रस्ते, घाट, पूल, सरकारी निधी, सगळ्याचं वेळापत्रक एका ग्रहाच्या जागेवर ठरतं. त्याला तुम्ही अंधश्रद्धा म्हणाल का?

शंकेखोर : नाही म्हणणार. गुरूला सूर्याभोवती फिरायला ११.८६ वर्षं लागतात आणि तो सिंहेत आहे की नाही, हे दुर्बिणीतून दिसतं. ते पंचांग झालं, कालगणना झाली. ‘गुरू सिंहेत आहे म्हणून तुझं लग्न लांबलं’, असं म्हटलं की फलज्योतिष सुरू होतं. आकाशातली वस्तू कुठे आहे, हे सांगणं वेगळं, आणि ती तुझ्यासाठी तिथे आहे, असं म्हणणं वेगळं. माझा सगळा झगडा या दुसऱ्या वाक्याशी आहे.

शिकणारी : मग आपण दोघं एकाच रेघेवर उभे आहोत. ‘हे पान आलं’ एवढं मी म्हणते. ‘हे पान माझ्यासाठी आलं’ असं म्हणत नाही. पण त्या पोपटापुढच्या बाईला तुम्ही जे द्यायला निघालात, ते अपुरं आहे. माझं माहेर निफाडकडचं, द्राक्षबागा असलेलं घर. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल निघेपर्यंत अवकाळीची धास्ती असते. हवामानाचा अंदाज फोनवर येतो, तो वडील पाहतात आणि त्याप्रमाणे फवारण्या करतात. तिथे पान ओढणारा मूर्खच. पण कर्ज काढून आणखी दोन एकर बाग लावायची की एका मुलाला शेतीतून बाहेर काढायचं, याचा अंदाज कुठलं खातं देतं? लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा भाव लिलाव होईपर्यंत कोणाला माहीत नसतो. जिथे माहितीच नाही, तिथे माणूस एकतर सवयीने ठरवतो, नाहीतर भीतीने, नाहीतर शेजाऱ्याचं पाहून. या तिघांपैकी आपण आत्ता कोणाचं ऐकतोय, हे ओळखायला थांबावं लागतं. पान मला थांबवतं. ठरवत काहीच नाही.

शंकेखोर : थांबायलाच हवंय, तर पानच कशाला? रामदासांनी याच नाशकात, टाकळीला बारा वर्षं तप केलं, अशी परंपरा आहे. पुढे त्यांनी २०५ मनाचे श्लोक लिहिले, आणि ते सगळे स्वतःच्या मनाला उद्देशून आहेत. रोज एक श्लोक घे आणि त्यावर लिही. त्यामागे विचार आहे, क्रम आहे, एका माणसाने आयुष्य घालून कमावलेली दृष्टी आहे. तुझ्या पानांच्या माहितीपुस्तकांत काय आहे? ‘डेथ’चं पान आलं, पांढऱ्या घोड्यावर चिलखत घातलेला सांगाडा बसलाय, तरी पुस्तक म्हणतं, घाबरू नका, हा बदल आहे, नवी सुरुवात आहे. ‘टॉवर’वर वीज कोसळून माणसं खाली पडताहेत, तरी पुस्तक म्हणतं, जुनं मोडल्याशिवाय नवं येत नाही. ज्या पुस्तकात कुठल्याच पानाचा अर्थ ‘तुझं चुकलंय, गप्प बस आणि माफी माग’ असा नाही, ते पुस्तक मनन शिकवत नाही, गिऱ्हाईक सांभाळतं.

शिकणारी : पुस्तकांबद्दल तुम्ही म्हणता ते सोळा आणे खरं आहे. म्हणून मी अर्थांचं पुस्तक आधी उघडत नाही. चित्र पाहून लिहिते आणि पुस्तक असलंच तर रात्री पाहते. मनाचे श्लोक मला लहानपणापासून पाठ आहेत, आणि अडचणही तीच आहे. श्लोक सुरू झाला की तो आपोआप पुढे जातो, मन ऐकत नाही. शिवाय श्लोक मला काय करायचं ते सांगतो. चित्र सांगत नाही, त्यामुळे पळवाट राहत नाही. आणि क्रमाचं म्हणाल, तर क्रम मी ठरवला की मी मला सोयीचा ठरवणार. ज्या दिवशी नवऱ्याशी भांडण झालंय, त्या दिवशी मी मुद्दाम क्षमेवरचं काही उघडणार नाही, धीरावरचं उघडेन आणि स्वतःची पाठ थोपटेन. जोडाला माझी सोय माहीत नसते. हल्ली सकाळी उठल्यावर पहिला विचार कोणता करायचा, हे बहुतेकांच्या बाबतीत फोन ठरवतो, आणि फोनमागे ज्यांचा धंदा आहे, ते आपल्याला नीट ओळखून असतात. पिसलेला जोड मला ओळखत नाही. त्याचा माझ्यात काही स्वार्थ नाही. सकाळी माझ्यापुढे विषय ठेवणाऱ्यांत एवढा निःस्वार्थी दुसरा कोणी मला सापडलेला नाही.

शंकेखोर : वा! म्हणजे पानाची महती ही, की त्याला काही कळत नाही. मग लिहिण्याचं श्रेय लिहिण्यालाच दे. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात दुखऱ्या गोष्टीवर मोकळेपणाने लिहायचं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या पुढच्या सहा महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी राहिल्या. तिथे ना पेले होते ना तलवारी. औषध लिहिण्यात आहे, आणि तू त्याला ताईत बांधलायस. ताईत काढून टाक, गुण येईलच. आणि तो ठेवलास तर काय होतं, तेही ऐक. मनासारखं पान आलं नाही की माणूस म्हणतो, नीट पिसलं नव्हतं, पुन्हा ओढू. आवडतं पान येईपर्यंत ओढत राहतो. ज्याची रात्रीची झोप उडालीय, त्याच्या हाती ‘नाइन ऑफ स्वॉर्ड्स’ आलं, अंथरुणात उठून बसलेली, तोंड ओंजळीत लपवलेली बाई, तर तो त्या चित्रातच घर करतो. तू म्हणशील, माझे नियम आहेत.

शिकणारी : आहेत. दिवसाला एकच पान. ‘हो की नाही’ असा प्रश्न विचारायचा नाही. दुसऱ्याच्या आजारावर, दुसऱ्याच्या लग्नावर पान ओढायचं नाही. मन फार खचलेलं असेल त्या दिवशी जोडाला हात लावायचा नाही. माणसाशी बोलायचं, गरज पडली तर डॉक्टरकडे जायचं.

शंकेखोर : आणि हे नियम टॅरोने दिलेले नाहीत, तुझ्या विवेकाने दिलेत. पुस्तकांतल्या प्रश्नांच्या याद्या पाहा, त्यात ‘तो परत येईल का’ हा प्रश्न पहिल्या पाचांत असतो. म्हणजे या विद्येत जे चांगलं आहे ते तू बाहेरून आणलंस, आणि जे मुळात तिचं आहे ते तू बाहेर ठेवलंस. मग उरलं काय? एक सुरेख छापलेला जोड आणि एक शहाणी बाई. शहाणपण जोडाच्या नावावर का जमा करायचं?

शिकणारी : पेनेबेकरच्या प्रयोगातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. ती मुलं कोऱ्या कागदापुढे बसली नव्हती. कशावर लिहायचं, हे त्यांना कोणीतरी सांगितलं होतं. विषय बाहेरून आला, आणि तो टाळायची मुभा नव्हती. घरी एकट्या बसलेल्या माणसाला विषय कोण देणार? कोऱ्या पानावर मी रोज तेच लिहीन : थकवा, हिशेब, मुलाचा अभ्यास. आणि विवेकाचं म्हणाल, तर विवेक काही आपण होऊन सकाळी सहाला उठून टेबलाशी येत नाही. त्याला आणून बसवायला काहीतरी विधी लागतो. मी पानं कापडात गुंडाळून ठेवते, पिसताना बोलत नाही. यात थोडासा भक्तिभाव आहे, हे मी नाकारत नाही. तो नसता तर दहा मिनिटं एका चित्राकडे पाहण्याइतका धीर माझ्यात आला नसता. पान मला ओळखत नाही, हे मला पक्कं माहीत आहे. तरी ते ओळखत असल्यासारखी मी त्याच्यापुढे बसते. हे ‘असल्यासारखं’ किती वाढू द्यायचं, याचं माप मात्र माझ्याकडे नाही. तुमच्याकडे असेल तर द्या.

शंकेखोर : माप नाही, पण चाचणी आहे. वहीतल्या दहा दिवसांच्या नोंदी निवड, ज्यांत पानाचं नाव किंवा चित्राचं वर्णन नाही, फक्त तुझा विचार आहे. त्या वेगळ्या कागदांवर उतरव, तारखा खोड. ती दहा पानं आणि दहा कागद टॅरो जाणणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला दे आणि सांग, जोड्या लाव. नुसत्या नशिबाने सरासरी एक जोडी जुळते. तिच्या एक-दोनच जुळल्या, तर पानाने तुला काहीच दिलेलं नाही. तू रोज तुझंच लिहीत होतीस आणि पान नुसतं शेजारी पडलं होतं.

शिकणारी : आणि सात-आठ जुळल्या तर? तर पानाने मला खरोखर वळवलं, माझ्या नेहमीच्या वाटेवरून बाजूला नेलं. माझं म्हणणं सिद्ध झालं.

शंकेखोर : तुझं सिद्ध झालं आणि माझी काळजी वाढली. मग आपल्या लग्नाविषयी, नोकरीविषयी, आईविषयी तू त्या दिवशी काय विचार करायचा, हे एका आंधळ्या योगायोगाने ठरवलं. नवऱ्याशी भांडण झालेल्या सकाळी ‘एट ऑफ कप्स’ आलं, तर तू सोडून जाण्याविषयी लिहिणार. ‘टू ऑफ कप्स’ आलं, तर सोबतीविषयी. रोज थोडं थोडं असं लिहिता लिहिता माणूस त्या दिशेने सरकतो. ज्याला काही कळत नाही, त्याच्या हाती सुकाणू दिल्यासारखं नाही का ते?

शिकणारी : म्हणजे जोड्या जुळल्या नाहीत तर पान निरुपयोगी, आणि जुळल्या तर धोक्याचं. दोन्हीकडून तुम्हीच जिंकता!

शंकेखोर : आणि दोन्हीकडून तूही. न जुळल्या तर पान निरुपद्रवी ठरलं, जुळल्या तर उपयोगी. म्हणून तर या वादाचा निकाल चाचणी एकटी देणार नाही. चाचणी एवढंच सांगेल, की पान तुला हलवतं की नाही. हलणं चांगलं की वाईट, हे मात्र रात्रीच्या त्या ओळीवरून, सकाळच्या लिहिण्यातलं काय फोल निघालं त्यावरून ठरवावं लागेल. आणि ती ओळ लिहिणं कोणत्याही पुस्तकात सक्तीचं नाही.

शिकणारी : चाचणी मी करीन. पण तुम्हीही एक करा, सर. तुम्ही आयुष्यभर पुराव्याने चाललात. सकाळी मनात आलेला पहिला विचार कुठून आला, याचा पुरावा कधी मागितलात? तो माझ्या पानापेक्षा कमी आंधळा होता, हे तुम्ही कशावरून म्हणता?

शंकेखोर : त्याचा पुरावा माझ्याकडे नाही, आणि हा प्रश्न मी बाजूला टाकणार नाही. पण तो सुटेपर्यंत व्यवहारापुरता माझा निवाडा असा. ज्याला पानावर लिहायचंय, त्याने ते खुशाल ओढावं. मात्र काय फोल निघालं तेही लिहावं, पान दुसऱ्यासाठी ओढू नये आणि त्याचे पैसे घेऊ नयेत की देऊ नयेत. ज्याला वही नको आणि नुसतं उत्तर हवंय, त्याने चार माणसं जमवून त्या पानांचा डाव मांडावा. मुळात ती त्यासाठीच बनली होती.